चाकोरी



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, तेव्हा मी दोन दिवस पत्राला उत्तर दिले नाही. या व्यासपीठावरून आजवर साहित्यावर, इतिहासावर, शिक्षणावर अधिकाराने बोलणारी माणसे होऊन गेली आहेत. मी रस्ते खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. माझे उभे आयुष्य खडी, मुरूम, डांबर आणि मोजमापवही यांत गेले. परंतु पत्रात एक वाक्य होते, 'विषय आपल्या आवडीचा निवडावा.' त्या आधारावर मी उलट टपाली विषय कळविला, 'चाकोरी'. चिटणिसांना तो फार आवडला. चाकोरीबाहेरचे जीवन कसे जगावे यावर मी काही उद्बोधक बोलणार, अशी त्यांची समजूत झालेली दिसते. त्यांची निराशा करणे मला भाग आहे. मी बोलणार आहे ती चाकोरी खरीखुरी आहे. बैलगाडीच्या दोन चाकांनी वर्षानुवर्षे एकाच जागी फिरून जमिनीत उमटविलेल्या त्या दोन समांतर खाचा, आणि त्यांच्यामधली बैलांच्या खुरांनी भुगा केलेली पट्टी. हिला आपण गाडीवाट म्हणतो, नदीपलीकडच्या वऱ्हाडात पांदण म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात पाणंद, आणि आपले तेलुगू शेजारी बंडी-बाट म्हणतात. या वाटेवरून सायकलने कसे जावे, का जावे, आणि ती का राखावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गुरुजींची सायकल साठीच्या पुढच्या सर्वांना आठवत असेल. काळी, उंच, सळईच्या ब्रेकची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. हँडलला एक कापडी पिशवी लटकलेली असे. तीत सोल्युशनची नळी, रबराचे तुकडे आणि घासण्यासाठी पत्र्याचा खरखरीत तुकडा. गुरुजी आम्हाला भूगोल शिकवीत, आणि भूगोलाचा तास वर्गात पुरा होत नाही असे त्यांचे मत होते. १९६३ ते १९६७ या चार वर्षांत पावसाळा सोडून महिन्यातून एका रविवारी ते आम्हा मुलांना सायकलींवरून घेऊन निघत. मुले दहा-बारा, सायकली सहा-सात, त्यांतल्या निम्म्या भाड्याच्या. आमचे पाय पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून, ज्याला आमच्याकडे कैची म्हणत, तशी आम्ही सायकल हाणत असू. पक्क्या सडकेने जायचे नाही, हा त्यांचा एकच नियम होता. "सडक गावाला बाहेरून दाखवते," असे ते म्हणत. सडकेवरून गेलात तर गावाची पाटी दिसेल, वाटेने गेलात तर गावाची विहीर दिसेल, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो आम्हाला पहिल्याच रविवारी कळला.

वाटेत सावलीला बसलो की ते मुंबईच्या पारशी तरुणांची कथा सांगत. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा जण मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून परत आले. वाळवंटे, जंगले, दलदली पार करून आलेल्या त्या माणसांच्या पुष्कळशा प्रवासात सडक नावाची गोष्टच नव्हती. आम्हाला ती कथा ऐकताना मावल्याची वाट मोठ्या जगाला कोठेतरी जोडलेली आहे असे वाटे. जी वाट पुढच्या गावाला जाते ती तिथून आणखी पुढच्या गावाला जाते, आणि सायकलला तेवढे पुरते.

आता आपल्या मुलखाकडे पाहा. मावले अशा जागी आहे की एका सकाळी सायकलवर दोन वेगळ्या भूमी पाहता येतात. उत्तरेला आदिलाबाद ओलांडले की जैनद, बेला आणि पैनगंगेच्या काठापर्यंत कापसाचे, तुरीचे, ज्वारीचे काळे रान पसरलेले आहे. तेथील कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते. दक्षिणेला डोंगर चढू लागतो, साग, मोह, तेंदू आणि पळस सुरू होतात, आणि त्यांच्या आडून गोंड आणि कोलाम बांधवांच्या वस्त्या दिसू लागतात. उत्तरेच्या वाटेवर चाक रुतते, दक्षिणेच्या वाटेवर चाक उडते. आम्हा मुलांना या दोन जमिनी म्हणजे दोन शत्रू वाटत. गुरुजींनी एकदा हातात मुरमाचा खडा आणि काळ्या मातीचे ढेकूळ धरून सांगितले की ही एकाच काळ्या पाषाणाची लेकरे आहेत. दख्खनचा बसाल्ट झिजू लागला की आधी त्याचा मुरूम होतो, तो आणखी झिजत गेला की त्याची काळी माती होते. पहिल्या अवस्थेत तो पाणी खाली सोडतो आणि चाकाला आधार देतो. दुसऱ्या अवस्थेत तो पाणी पितो, फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. पुढे अभियांत्रिकीच्या पदविकेला दोन वर्षे जे शिकविले गेले त्याचा गाभा मला त्या दिवशीच मिळाला होता.

सायकलबद्दल थोडे बोलतो, कारण विद्यार्थी मित्र मघापासून त्याचीच वाट पाहत असतील. माझा नातू पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एक ग्रॅव्हल सायकल घेतली. तिची किंमत सांगून मी या सभेचे गांभीर्य घालवीत नाही. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वाकलेले, ब्रेक चकतीचे, गिअर पुष्कळ, आणि टायर जाड. कच्च्या रस्त्यासाठी ही नवी जात निघाली आहे, असे त्याने मला समजावून सांगितले. मी टायरची बाजू वाचली, तर रुंदी ४० मिलिमीटर. मग त्याला गुरुजींच्या सायकलीचे माप सांगितले. २८ गुणिले दीड इंच. दीड इंच म्हणजे टायरांच्या आजच्या मोजणीत तेच ४० मिलिमीटर! फरक एवढाच, की गुरुजींच्या सायकलीला गिअर नव्हते आणि तिच्यावर गव्हाचे अर्धे पोते येत असे. चेष्टा बाजूला ठेवू. रुंद टायर, त्यात थोडी कमी हवा, लांब आणि सुटा सांगाडा, ही कच्च्या वाटेची गरज जुन्या कारखानदारांनी ओळखलेली होती, कारण त्यांच्या काळी बहुतेक जग कच्च्या वाटेचेच होते. टायर टणक भरला तर प्रत्येक खडा चाकाला वर उडवितो आणि तुमची शक्ती पुढे जाण्याऐवजी वर जाण्यात खर्च होते. थोडी हवा काढा, टायर खड्याला पोटात घेईल. चढावर उभे राहून पायडल मारू नका, मागचे चाक मुरमात घसरते. बसून, सावकाश चढा. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. सराटे आणि बाभळीचे काटे यांच्याशी मात्र कोणत्याही किमतीच्या सायकलीचे जमत नाही. तेथे गुरुजींची कापडी पिशवीच कामाला येते.

आता अप्रिय भाग. तो टाळून मला पुढे जाता येणार नाही.

माझी नोकरी १९७२ च्या दुष्काळात, नदीपलीकडे महाराष्ट्रात लागली. पहिले काम दुष्काळी कामावर देखरेख. डोक्यावर फडके, हातात हातोडा, पुढे दगडांचा ढीग, अशा ओळीने बसलेल्या बाया खडी फोडीत. सगळ्यांच्या पोटात भूक आणि तोंडात धूळ. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने दोनशे वर्षांपूर्वी नियम घालून दिला होता की वरच्या थरातला दगड सहा औंसांपेक्षा जड असता कामा नये. त्या बायांना औंस माहीत नव्हते, पण मुठीत सहज मावेल तेवढाच दगड त्या ढिगात टाकीत. त्या वर्षी आणि पुढे रोजगार हमीच्या काळात अशा कितीतरी गाडीवाटांवर खडी आणि मुरूम पडला. आज ज्यांना आपण कच्चे रस्ते म्हणून नाक मुरडतो, त्यांतले पुष्कळसे अशा हातांनी झालेले आहेत.

तेथून मी डांबराकडे गेलो. काळाचा ओघच तसा होता, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान होता. १९९६ साली एका पांदणीचे डांबरीकरण माझ्या सहीने झाले. गावाचे नाव घेत नाही. लांबी साडेचार किलोमीटर, एका टोकाला वाळूचा घाट, दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता, मध्ये एक गाव आणि एक शाळा. उद्घाटनाला मला शाल आणि नारळ मिळाला. शेजारच्या दोन वस्त्यांतल्या आठ-दहा मुली त्या पांदणीने सायकलवरून शाळेत येत असत, आणि आता त्यांचा धुरळा चुकेल असे मी भाषणात सांगितले. धुरळा चुकला. पुढच्याच हिवाळ्यात वाळूच्या ट्रकांना कळले की या रस्त्याने सात किलोमीटरचा वळसा वाचतो. ट्रक रात्री येत, मग पहाटे, मग शाळेच्या वेळी. आठवीतली एक मुलगी ट्रकच्या मागच्या चाकाशी आली. ती वाचली, पण तिचा डावा पाय वाचला नाही. त्या आठवड्यात उरलेल्या सगळ्या सायकली घरोघरी भिंतीला टेकल्या आणि परत रस्त्यावर आल्या नाहीत. दोन मुलींची शाळा तेथेच संपली.

मी तिच्या घरी गेलो होतो. तिच्या वडिलांनी मला एक शब्द वाईट बोलला नाही. "साहेब, रस्ता तर चांगलाच केला तुम्ही," असे ते म्हणाले. ते उपरोधाने बोलले नव्हते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला, मला ते वाक्य पचविता आलेले नाही.

हा केवळ माझ्या एका सहीचा इतिहास नाही, हे पुढे वाचनातून समजले. चांगल्या सडकांची पहिली संघटित मागणी कोणी केली? मोटारवाल्यांनी नव्हे. इंग्लंडात सायकलस्वारांच्या संस्थांनी १८८६ मध्ये रस्ते सुधारण्यासाठी मंडळ काढले. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघाने गावोगाव चांगल्या रस्त्यांची चळवळ चालविली. त्यांना रस्ते मिळाले. तीस-चाळीस वर्षांत त्या रस्त्यांवरून मोटारींनी त्यांनाच कडेला ढकलले. ज्याने विहीर खणावी त्यालाच पाणवठ्यावर बंदी व्हावी, तशातली ही गोष्ट.

म्हणून काही देशांत आता उलट दिशेने विचार चालू आहे. इटलीच्या तोस्काना प्रांतात चुनखडीच्या पांढऱ्या मातीचे जुने रस्ते आहेत. तेही भराभर डांबराखाली जाऊ लागले होते. १९९७ मध्ये गायोले या छोट्या गावातून काही मंडळींनी जुन्या सायकली आणि जुन्या धर्तीचे कपडे घालून त्या रस्त्यांवरून एक फेरी काढली. ती आज जगभर 'एरोइका' या नावाने ओळखली जाते. हौस हा तिचा एक भाग. ते पांढरे रस्ते वाचावेत हा खरा हेतू. स्पेनने १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तेथे पायी व सायकलने जाण्याचे मार्ग करण्यास आरंभ केला. ते सारे मिळून आता तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेले आहेत. रेल्वेचा चढ मंद असतो, बोगदे आणि पूल तयार असतात, आणि मोटार तेथे येत नाही. आपल्याकडे माथेरानला मोटारींना बंदी आहे, आणि त्यामुळे माथेरानचे काही बिघडले असे मी ऐकलेले नाही.

परंतु इटलीची आणि स्पेनची गोष्ट आपल्यावर तशीच्या तशी उचलून ठेवता येत नाही. तेथे कच्चा रस्ता ही रविवारची मौज आहे. आपल्याकडे दक्षिणेच्या डोंगरातल्या एखाद्या कोलाम वस्तीला पावसाळ्यात ओढा अडवितो, बाळंतीण खाटेवर घालून न्यावी लागते. त्या माणसाला जाऊन मी सांगू काय, की बाबा, तुझी मुरमाची वाट फार रम्य आहे, डांबर मागू नकोस? गेल्या वर्षी एका सभेत पुण्याचे एक सद्गृहस्थ असेच काहीसे बोलले. त्यांना उत्तर देण्यासाठी एक वयस्क कोलाम उठला आणि एवढेच म्हणाला, "तुम्ही पावसाळ्यात येऊन राहा." सद्गृहस्थ गप्प बसले, ते योग्यच झाले. प्रत्येक वस्तीला बारमाही पक्का रस्ता, ज्यावरून रुग्णवाहिका आणि बस येईल, हा तिचा हक्क आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने असे कितीतरी रस्ते दिले, त्यांतल्या काहींवर माझाही घाम गळलेला आहे, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही.

माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. बहुतेक गावांना एकच वाट नसते. एक पक्का रस्ता झाला की उरलेल्या तीन-चार जुन्या वाटांकडे कोणी पाहत नाही. मग त्यांतल्या एकीवर डांबर पडून ती ट्रकांची आडवाट होते आणि दुसरी दोन्ही बाजूंच्या नांगरांखाली वर्षाला वीतभर आक्रसत जाते. वाट मरण्याचे हे दोन मार्ग. डांबर पडण्यापूर्वी आणि नांगर फिरण्यापूर्वी त्या वाटेवर कोण चालत होते, याची चौकशी कोणी करीत नाही. शाळेत जाणारी मुलगी, शेळ्या राखणारा मुलगा, डोक्यावर भारा घेतलेली बाई आणि सायकलवरचा पोस्टमन चालत होते.

मुलींच्या सायकलीबद्दल एक मोजलेली गोष्ट सांगतो. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. तीन किलोमीटर! मावल्याच्या आसपासच्या किती वाड्यांपासून ही शाळा तीन किलोमीटरांच्या पुढे आहे, हे येथील शिक्षकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सायकल सरकार देऊ शकते. पण ती मुलगी कोणत्या वाटेने येणार? आपल्या दारातून काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग जातो. २०१० पर्यंत तो ७ क्रमांकाचा होता. मी त्या रस्त्याचा आदर करतो. परंतु बारा वर्षांच्या मुलीने त्याच्या कडेने सायकल चालवावी असे मला वाटत नाही, आणि तिच्या आईलाही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात, दसऱ्यानंतर, मी नातवाची सायकल उसनी घेऊन येथे दहा दिवस राहिलो. वय पाहता हे शहाणपणाचे नव्हते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या '५६ आय' या नकाशापत्राच्या मालिकेत आपला भाग येतो. त्याच्या जुन्या आवृत्तीत तुटक रेषांनी दाखविलेल्या वाटांची यादी मी सोबत घेतली होती. पहिल्या दिवशी तलावाच्या मागून निघालो. ज्याचे पाणी आदिलाबादने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले, तो आपला मावल्याचा तलाव. गुरुजींच्या पहिल्या रविवारची वाट तीच होती. एक किलोमीटर मुरूम उत्तम होता. मग दोन्ही बाजूंनी पांढरे रंगविलेले दगड दिसू लागले, प्लॉटचे क्रमांक दिसू लागले, आणि वाट एका नव्या कुंपणापाशी संपली. कुंपणाच्या आत, तारेपलीकडे, चाकोरी तशीच पुढे गेलेली दिसत होती. २०१६ मध्ये जिल्ह्याची फोड होऊन मावला मंडल झाले. शहर इकडे सरकले, भाव वाढले. हे सारे होणारच. पण ती दोन खाचांची सार्वजनिक जागा कोणाच्या प्लॉटमध्ये कशी गेली, हा प्रश्न मी तारेला हात लावून बराच वेळ विचारीत होतो, आणि उत्तर द्यायला तेथे फक्त एक राखणदाराचे कुत्रे होते.

दक्षिणेला मात्र मन भरून आले. डोंगराच्या कुशीतल्या एका वाटेवर मला दिवाळीच्या आधीची दंडारी भेटली. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी, ढोल, मागे मुले. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत निघालेली. याच गुसाडी नृत्यासाठी मारलवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली होती. मी सायकलवरून उतरून कडेला उभा राहिलो. मला ट्रकसाठी कडेला व्हावे लागले नव्हते, नाचणाऱ्यांसाठी व्हावे लागले होते. दहा दिवसांत तेवढे एकदाच. या डोंगरातल्या जुन्या वाटा निव्वळ शेताला जाण्यासाठी नाहीत. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तिच्या आधी मेस्राम कुळातले लोक अनवाणी चालत गोदावरीच्या काठी हस्तिनमडुगूपर्यंत जातात आणि झारीत पाणी घेऊन पायीच परततात. जत्रेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून येतात, आणि त्यासाठी बैलगाड्या जातात. या वाटा त्यांच्या पूजेचा भाग आहेत. तेथे आपण सायकल घेऊन जावे ते पाहुण्यासारखे, विचारून, हळू, घंटी न वाजविता. जंगलाच्या राखीव भागात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये, आणि एकट्याने तर मुळीच नाही. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या रानात येतात. १९५६ साली राज्यांच्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून तिकडे गेले, हे त्यांना कोणी कळविलेले नाही.

आता काय करावे? मी अभियंता आहे, माझ्याकडून तक्रारीपेक्षा अंदाजपत्रक अपेक्षित असते.

पहिली गोष्ट कागदाची. वाट जमिनीवर मरण्यापूर्वी कागदावर मरते. प्रत्येक गावाच्या नकाशात जुन्या वाटा दाखविलेल्या असतात. निजामाच्या काळातल्या सेतवार आणि टिपणाच्या नोंदींतही त्या शोधता येतात. नदीपलीकडे महाराष्ट्रात जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देतो, आणि अडविलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. तेथील शासनाने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावे योजनाही काढली. पण वाट आहे हे सिद्ध करणारा कागद नसेल तर कोणताही कायदा हात बांधून उभा राहतो. आपल्या शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांनी गावाचा नकाशा घेऊन एकेका वाटेवर जावे, कोठे सुरू होते, कोठे तुटते, रुंदी किती पावले, कडेला कोणते झाड, कोठे ओढा, हे लिहून आणावे. गुरुजींचा भूगोलाचा तास आणखी काय वेगळा होता? ती वही ज्या गावची वाट त्या गावच्या ग्रामसभेपुढे ठेवावी आणि ठराव मागावा.

दुसरी गोष्ट दगडाची. वाटेच्या दोन्ही तोंडांशी सात फुटांच्या अंतराने दोन दगडी खांब पुरावेत. बैलगाडी जाईल, कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर जाईल, सायकल आणि गुरे जातील. आठ फूट रुंदीचा वाळूचा ट्रक जाणार नाही. जीप आलीच तर हळू येईल. १९९६ मध्ये मी ते दोन खांब पुरले असते तर त्यांचा खर्च माझ्या शालीपेक्षा फार झाला नसता.

तिसरी गोष्ट पाण्याची. आमच्या खात्यात म्हण होती की रस्त्याचे शत्रू तीन, पाणी, पाणी आणि पाणी. मुरमाची वाट टिकत नाही हे खरे नाही. तिच्यावर पाणी उभे राहिले तर ती टिकत नाही. बारा फूट रुंदीच्या वाटेचा मध्य कडांपेक्षा दोन-अडीच इंच उंच ठेवा. गावातल्या कोणाही गवंड्याला दोरी आणि पाणसळ देऊन हे करता येते. दोन्ही कडांना नाली काढा आणि ती ओढ्यापर्यंत नेऊन सोडा, शेजाऱ्याच्या शेतात नव्हे, नाहीतर पुढच्या वर्षी तोच नाली बुजवील. काळ्या मातीच्या पट्ट्यात मुरमाखाली दगडाचे सोलिंग घाला, तेथे कंजुषी करू नका. पावसाळा संपला की लगेच, ओल असतानाच, चाकोरीच्या खाचा भरून दाबून घ्या. उन्हाळ्यात टाकलेला मुरूम धूळ होऊन उडून जातो. मी सरकारी मुरूम मार्चअखेरीस टाकला जाताना चाळीस वर्षे पाहिला. त्यामागे अभियांत्रिकीचे कारण नव्हते, हे आपण सारे जाणता.

माझी वेळ संपत आली आहे असे चिटणिसांच्या घड्याळाकडे पाहण्यावरून दिसते. एक शेवटची माहिती देतो. ती पाय गमावलेली मुलगी पुढे शिकली. तिने बाहेरून परीक्षा दिल्या आणि आज ती एका शाळेत शिक्षिका आहे. हे व्याख्यान ठरल्यावर मी तिला फोन केला आणि तिची गोष्ट नाव न घेता सांगू का म्हणून विचारले. ती म्हणाली, "सांगा काका, पण त्या रस्त्यावर अजून ट्रक चालतात, तेही सांगा."

ते सांगितले.

उद्या रविवार आहे. सकाळी सहा वाजता मी शाळेच्या फाटकापाशी सायकल घेऊन उभा असेन. तलावाच्या मागच्या कुंपणापर्यंत जाऊन, तेथून वळसा घालून डोंगराच्या बाजूची वाट पाहावयाची आहे. ज्या विद्यार्थ्यांना यावयाचे असेल त्यांनी पाण्याची बाटली, वही, पेन्सिल आणि पालकांची चिठ्ठी आणावी. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. पंक्चरचे सामान माझ्याकडे आहे.